सरांनी दाखवलेलं कोपर

मंगळवार, धुळे

आज सरांनी बेसबॉलच्या नव्या मुलींसमोर मला उभं केलं. "हिचं कोपर बघा. चेंडू बाजूने फेकला की हे असं होतं." पुरतं सरळ होत नाही ना आता, म्हणून दाखवायला सोयीचं.

बाजूने फेकत होते तेव्हा कधी दुखलं? साक्रीला शेतात माळ्यावर उभी राहून बाजरीवरची पाखरं गोफणीने हाकलायचे, तोच हात होता तो. संघात निवड झाली तेव्हा सर म्हणाले, "हे रानटी फेकणं सोड, हात डोक्यावरून आण." आणला. त्याच मोसमात कोपर गेलं.

डॉक्टर म्हणतात, नेमकं कशाने गेलं ते सांगता येत नाही. सरांना बरं येतं!

आता माझी वेणीसुद्धा आई घालते. सर उलटं सांगतात असं तिला सांगितलं, तर म्हणे, "सर कसाले खोटं बोलतीन व?"

एक मात्र तिला सांगितलं नाही. येताना दगड उचलला आणि जुन्या सवयीने बाजूने भिरकावला. विजेच्या खांबावर नेमका लागला. पण कोपरात अशी कळ आली की खाली बसले.

बरं झालं, सरांनी पाहिलं नाही.