बूट न काढता

लिंबायत, सुरत
मार्च १९७४

प्रिय सोमा,

देव तुला सुखी ठेवो. गेल्या महिन्यात एका सकाळी अंघोळ करून मी ओल्या पायांनी देवापुढे गेलो, दिवा लावला आणि वळलो, तर फरशीवर माझी पावलं उमटलेली. टाचेपासून बोटांपर्यंत सगळीच्या सगळी, मधे कोरी जागा नाहीच. तुझी आई दिवाळीत पिठात मूठ बुडवून लक्ष्मीची पावलं उमटवते, त्यांना आतून कशी कमान असते. माझी म्हणजे नुसत्या विटा. ती वाळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

गावी असताना माझी पावलं अशी नव्हती. इथं कापड विणायच्या कारखान्यात चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची रीत आहे. माग म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे अनवाणीच उभं राहायचं. सुरतेत आल्यापासून मी सिमेंटवर तसाच उभा राहिलो, आणि पाय दुखले तर ती सेवाच समजलो. आता संध्याकाळी घोटे आतल्या बाजूला कलतात. तुझे पाय तर लहानपणापासूनच सपाट आहेत. तुझी आई म्हणायची, पोरगं बदकासारखं चालतं.

माझ्या शेजारच्या मागांवरच्या सुपडूचं तुला कळलंच असेल. पाळी संपत आली होती. त्याचा पाय कलंडला, तोल गेला, आणि सावरायला टाकलेला हात मागाच्या फिरत्या पट्ट्यात गेला. गलका झाला, सगळे "काय व्हयनं, काय व्हयनं" करत धावले. नंतर माणसं म्हणाली, त्या दिवशी त्यानं मागाला नमस्कार केला नव्हता. केला होता, सोमा. मी शेजारीच होतो. मी त्याचा पाय पाहिला होता.

त्यानंतर मी धर्मादाय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला चवड्यांवर उभं केलं, तेव्हा तळव्यात थोडी कमान आली. म्हणाले, ती मेलेली नाही, दमली आहे, कापाकापी नको. रोज भिंत धरून टाचा उचलायच्या, बोटांनी फडकं गोळा करायचं, पोटऱ्या ताणायच्या, आणि कडक जमिनीवर अनवाणी उभं राहायचं नाही. चांभाराकडून बुटात आतल्या बाजूला चामड्याची उशी बसवून घेतली. व्यायाम चालू आहेत. बूट मात्र कितीतरी दिवस खुंटीलाच होते. ते घालून आत यायचं बोललो, तर माझ्याबरोबरचा छगन हसला, "आप्पा, लक्ष्मीपुढे बूट? मग तोरणही पायानंच बांधा!" मुकादम भाऊराव हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "काही झालं तर माझ्याकडे येऊ नका." तेव्हापासून माझ्या मागावर ताण्याचा धागा सारखा तुटतो आहे, आणि तुटला की चारजण माझ्याकडे बघतात.

तुझं येण्याचं पत्र मिळालं. तुला कुठले माग मिळालेत ते तुझ्या आईला सांगू नकोस. ते सुपडूचे आहेत, त्या दिवसापासून रिकामे. तू घरी टाचा उचलायला आजपासूनच लाग. तुझ्या मापाचे बूट इथं करून ठेवले आहेत. तू अनवाणी उभा राहिलास, तर देवापुढे हात जोडायला मला तोंड राहणार नाही. आणि माझंच काही बरंवाईट झालं, तर बुटामुळे झालं असं लोक सांगतील. तू ते ऐकू नकोस, तुझे काढूही नकोस. आज सकाळी मी उंबऱ्याशी वाकलो, माती कपाळाला लावली, आणि बूट न काढता आत गेलो.

तुझाच काका,
आप्पा