शेवटच्या दगडावरचा चुना

अण्णा, नात लिहितेय, मी सांगतेय. मला अजून अक्षर येत नाही. तुम्ही शिंपी, पण गिऱ्हाइकांची मापंसुद्धा डोक्यात ठेवायचात, मग बापालाच अक्षर येत नसताना मी कुणाकडून शिकणार होते?

ही नात आठवडाभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून असते आणि रविवारी गाडीनं शहराबाहेर जाऊन डोंगरातून पळते. चाळीस-चाळीस किलोमीटर. विचारलं, "कोण मागं लागलंय गं?" तर म्हणते, "कुणी नाही, आज्जी. छान वाटतं." हेही लिही म्हटलं तर तोंड वाकडं करतेय.

गेल्या रविवारी तिच्या शर्यतीला मलाही नेलं आणि वाटेवर पळणाऱ्यांसाठी मांडलेल्या पाण्याच्या टेबलापाशी बसवलं. पळायची वाट यंदा माझ्या सासरच्या गावावरून होती. घर पडलंय, तळ्यात गवत माजलंय. पण बांधाजवळचा तो दगड तिथंच आहे, आणि त्यावर पांढरा चुना.

तुम्हीच ना ती खूण करायचात! बस मोठ्या रस्त्यापर्यंतच यायची. पुढं तीन तास डोंगरातून चालत माझ्याकडं. जिथं वाट फुटते तिथल्या दगडावर चुन्याचा ठिपका, कापडावर खडूनं कराल तसा नेमका. म्हणायचात, "कधी वाटलं तर निघ. ठिपके धरून ये, वाचता यावं लागत नाही." दर पावसाळ्यानंतर नवा चुना. मी एकदाही आले नाही.

एका वर्षी तुम्ही आलात ते चपला काखेत, पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखलेले. सासूबाई हसल्या, जावा हसल्या. मी तुम्हाला परसात नेऊन म्हटलं, "अण्णा, असं येत जाऊ नका. मला खाली बघावं लागतं." तुम्ही नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालात. पिशवीतलं नवं पोलकं माझ्या हातात दिलंत आणि पाणीसुद्धा न पिता निघालात.

पुन्हा घरी आला नाहीत. ठिपके मात्र दरवर्षी पांढरे व्हायचे. मागच्या दारातून दिसणारा, अगदी शेवटचा, तोसुद्धा. म्हणजे तिथवर यायचात आणि माघारी फिरायचात. तीन वर्षं. चौथ्या वर्षी पाऊस सरला तरी दगड काळाच राहिला, तेव्हाच मला कळलं. निरोप्या आला तो नंतर.

रविवारी मी त्या दगडाला बोट लावलं. चुना ओला होता. पळणाऱ्यांसाठी कुणीतरी नुकताच बाण काढून गेलं होतं. तेवढ्यात नात धापा टाकत आली, पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखलेले. "आज्जी, रडतेस?" म्हटलं, "तुझे गुडघे बघून."

आता विचारतेय, पत्र टाकायचं कुठं. कुठंच नको, वहीतच राहू दे. एवढं मात्र लिही म्हटलं. तिसऱ्या वर्षीही मी असंच बोट लावलं होतं, अण्णा. तेव्हाही ओलं लागलं. तुम्ही अजून बांधसुद्धा उतरला नसाल; हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी बोट पदराला पुसलं आणि घरात गेले.