सतराव्या पानावर लाल शाई नाही

हॅरोथ्वेट,
मंगळवार, ११ मार्च

प्रिय डंकन,

'प्रिय' लिहावं की नुसतं 'डंकन', यात सकाळ गेली. हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, राहू दे. इकडे सगळं ठीक. आईला सांग, गुडघ्याचा पट्टा पोस्टाने पाठवला आहे. जिना चढताना काढायचा नाही म्हणावं.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. स्केलबेकच्या अग्निशमन केंद्रावरचा माझा अहवाल तू परत पाठवलास, पानापानावर लाल शाईने 'खोटं' लिहून. मुखपृष्ठावरच्या माझ्या नावावरसुद्धा. राग आलाच. पण खरं सांगते, गावच्या सभेपेक्षा हे सभ्य होतं.

ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं ती माणसं त्या दिवशी स्केलबेकच्या सभागृहात समोर बसली होती. नॉरिस खाटकाने सुरुवात केली, "काय गं ब्रिजेट, तुझे तक्ते येऊन पाणी मारणार का आमच्या छपरावर?" सगळे हसले. त्याची बायको म्हणाली, "अहो, तिला कशाला विचारता? ती शहरात राहते. तिच्या दारात बंब आधी येतो, आग मागाहून लागते." पुन्हा हशा. आणि मग तू उठलास, गणवेश घालून. "मुख्यालयातल्या बाईंना एकच विचारायचंय. बाईंनी पेटत्या घरात कधी पाऊल टाकलंय का?"

तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे मी. बाई!

मी 'नाही' म्हणाले आणि खाली बसले. एकोणिसाव्या वर्षी मी स्केलबेकच्या पथकात घ्या म्हणून विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझ्या मापाचे बूट नाहीत आमच्याकडे," आणि तू पायरीवर बसून खिदळला होतास. हे मी सभेत बोलले नाही. ते खिदळणं माझ्या अहवालात उतरलंय का, हा प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला. आकडे तीनदा पुन्हा तपासले. ते तिथून आलेले नाहीत. निदान आकडे तरी नाहीत.

तू लिहितोस, "मोडतोड करण्यापलीकडे तुम्हा लोकांना काही कळत नाही." कळतं. बाबांच्या काळी जळायची तेवढी घरं आता जळत नाहीत. आता एका हिवाळ्यात दोनदा नदी गावात शिरते, एप्रिलमध्येच माळ पेटतो, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन झोपतात. चार माणसं चढल्याशिवाय जो हलू शकत नाही तो बारा टनी बंब यातल्या कशाकशाला पुरणार? म्हणून लहान गाड्या. दोन माणसं आली की निघायचं. पण गाड्या मोजक्याच आहेत, आणि जिथे माणसं कमी पडतात त्या केंद्रांना त्या आधी मिळायच्या.

स्केलबेकला माणसं कमी पडतच नाहीत. तुमची हजेरीवही तसं सांगते. दहातले नऊ दिवस चौघं तयार. तरीही सगळ्या जिल्ह्यात सर्वांत उशिरा निघणारा बंब तुमचाच. माणसं आहेत पण निघत नाहीत, तर केंद्र बंद करा, असं कुठलाही परका माणूस म्हणेल.

मी परकी नाही. इथेच खरी गोम आहे.

हजेरीचा तक्ता सतराव्या पानावर आहे. सगळी पानं तू रंगवलीस, ते तेवढं कोरं ठेवलंस. मी दोनदा उलटून पाहिलं, पानं चिकटली असतील म्हणून. चिकटली नव्हती.

कोटाची पद्धत बाबांची. चौथा माणूस कामाला किंवा सासुरवाडीला गेला, तरी ज्याचा कोट खुंटीवर तो हजर. 'बंब बंद' असं वहीत लिहायची नामुष्की नको. आपल्या घरी जेवताना त्याचे विनोद व्हायचे. "आज कोण आलं होतं?" "मी, हॅरी आणि दोन कोट."

२० ऑक्टोबर, रविवार. गिरणीच्या गल्लीतल्या मिसेस पीसगुड. पायांना चोपडलेलं, पटकन पेट घेणारं मलम, हातात सिगारेट, शेजारी ऑक्सिजन. दुपारी एक चाळीसला पेजर वाजले. तिघं चार मिनिटांत केंद्रावर पोचले आणि चौथ्याची वाट पाहत बंबाभोवती उभे राहिले. अकरा मिनिटं. वहीत चौथा होता म्हणून मुख्यालयानेही दुसरीकडून बंब पाठवायला उशीर केला. मिसेस पीसगुड वाचल्या नाहीत. त्या दिवशी तिथे लहान गाडी असती, तर तिघं निघाले असते. पण वहीत तुम्ही नेहमी पुरेसे होतात, म्हणून गाडी तुमच्या वाट्याला कधी आलीच नसती.

सतराव्या पानाच्या तळाशी माझं वाक्य आहे: 'विलंबाचं कारण स्पष्ट नाही.' सगळ्या अहवालात खोटं एवढंच आहे, डंकन, आणि ते मी लिहिलंय.

चौथा कोट तुझा होता. एक चाळीसला तू स्केलबेकपासून चाळीस मैलांवर, माझ्या टेबलाशी बसला होतास. माझा पंचेचाळिसावा वाढदिवस. मी विचारलं होतं, "आज तुझी पाळी ना रे?" तोंडात घास घेऊन तू म्हणालास, "कोट आहे ना खुंटीवर." आणि मी हसले. धोक्यांचा हिशेब मांडायचा पगार घेणारी मी हसले, आणि तुझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

डायरीत त्या आठवड्यात लिहिलं आहे, 'डंकनची जागा वाचावी म्हणून गप्प राहिले.' परवा ते वाचलं आणि खोडलं. कुणी विचारलं असतं, "हे तुम्हाला कसं ठाऊक?" तर तो केक सांगावा लागला असता, म्हणून गप्प राहिले. आणि सभेत तू मला बाई म्हणालास तेव्हा तुलाही तोच केक आठवत होता, हे मला तिथूनच दिसत होतं.

गुरुवारी अकराला समिती केंद्राचा निकाल करणार. नऊ वाजता मी वरिष्ठांच्या हातात कबुलीचं पत्र देते आहे. तुझा बिल्ला जाईल. माझी खुर्चीही बहुधा जाईल. खरी हजेरी पाहून समिती कदाचित लहान गाडी देईल, कदाचित कुलूपच लावेल. मी कसलाही शब्द देत नाही. फोन करू नकोस, आईला मध्ये घालू नकोस. तू मला माफ करणार नाहीस, आणि मीही तुला केलेलं नाही.

सोबत पान सतरा आहे. त्यावर लाल शाईने 'खोटं' मी लिहिलंय आणि खाली सही केली आहे. सहीच्या शेजारी तुझ्या सहीपुरती जागा सोडली आहे. उद्याच्या टपालात तुला मिळेल. यायचं असेल तर गुरुवारी नऊच्या आत मुख्यालयात ये, आणि येताना खुंटीवरचा कोट काढून ठेव.

त्या रविवारी हसलेली,
तुझी बहीण
ब्रिजेट