डाव्या हाताची सुरी

झुपार पोरी,

नमदे, म्हणजे लोकरीच्या जाड सतरंज्या, करायला शिकायला मीरीम नावाची डावखुरी मुलगी आलीय. सुरी हातात देताच म्हणाली, “आपा, मारू नका, मी उजव्यानंच कापते.” नारिन गावात माझी कीर्ती ही अशी.

डावा हात अशुभ म्हणून तुझा तो मी पट्ट्यानं कमरेला बांधायचे. उजव्यातली सुरी घसरून तुझ्या पायाची धोंडशीर कापली, तेव्हाही मी आधी नमदा बाजूला ओढला, रक्त लागू नये म्हणून. पांगळी तू त्या दिवसापासून.

मीरीमला म्हटलं, “डाव्यानंच काप. मी समोर बसते, आरशात बघावं तसं माझं बघून बघून कर.” तिनं मेंढ्याच्या शिंगाची नक्षी झकास कापली.

पोरी विचारतात, “आपा, असं शिकवायला कुणी शिकवलं?”

मी म्हणते, “कामाकडे बघा.” तुझं नाव सांगायचं धाडस होत नाही.

तुझी आई,
बुरुलचा