चर्चमधल्या भुताची वाटी

ती. सुमतीताईस,

धाकट्या कृष्णकांतचा कामोठ्याहून साष्टांग नमस्कार. इकडे माझा रक्तदाब, रेवाची सर्दी आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन हे तिन्ही नेमानं चालू आहेत. तिकडे उरणला तुझे गुडघे कसे आहेत? घराचा उंबरा ओलांडतानासुद्धा कळ येते, असं कळवलं होतंस, तेव्हापासून जीव टांगणीला आहे. तू फोन घेत नाहीस, घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून पोस्टाला त्रास देतो आहे. (टपालपेटी शोधायला दोन सेक्टर पालथे घातले. शेवटी सापडली ती उसाच्या रसवाल्याच्या मागे. तिच्यावर त्यानं लिंबं ठेवली होती.)

तुझं म्हणणं मला पोचलं. रेवानं प्रणितशी लग्न करायला तुझी हरकत नाही, तो ख्रिस्ती असण्यालाही नाही (त्याच्या आईची कोलंबी खाल्ल्यापासून तर मुळीच नाही), पण ज्या चर्चमध्ये बाईचं भूत फिरतं तिथे तू पाऊल ठेवणार नाहीस. आता पनवेलच्या खाडीकडचं ते दीडशे वर्षांचं चर्च म्हणजे प्रणितच्या पणजोबांपासून त्यांचं हक्काचं, ते कसं बदलणार? आणि रेवा म्हणते, आत्या नसेल तर मी लग्नाला उभीच राहणार नाही. तिचं काय चुकलं? बारशाला तिच्या कानात नाव तू सांगितलंस. तिची आई गेल्यावर दोन वर्षं तिच्या वेण्या तू घातल्यास. पोरगी आठवडाभर धड जेवलेली नाही, आणि मला ते बघवत नाही. तेव्हा ठरवलं, भूतच शोधून काढायचं. तीस वर्षं लोकांचे वीजमीटर तपासले, गणपतीच्या तसबिरीमागून नेलेली चोरटी वायर हुडकली, तर भुताचं काय एवढं!

चर्चच्या फाटकाशी भामा नावाची बाई सुकी मासळी घेऊन बसते. तिला विचारलं, तर तिनं टोपलीवरची माशी न उडवता सांगितलं, "हाय ना दादा. बुधवारी भर दुपारी येते. पयलं बांगड्या वाजतात, मंग आतून बाप्या कण्हतो. आमी नाय जात तिकडं." म्हणजे भुतं एकाची दोन झाली! (जोडपं असेल तर लग्नाच्या जागेला शोभेलसंच, असं मी म्हणालो. भामानं बोंबलाचा वाटा पुढे सरकवला. घ्यावा लागला.)

बुधवारी अकरालाच जाऊन शेवटच्या बाकावर वही, पेन आणि टॉर्च घेऊन बसलो. (टॉर्च कशाला, ते विचारू नकोस. तपासणीला निघालो की हात आपोआप टॉर्चकडे जातो.) चर्च इतकं थंड आणि शांत, की बाराच्या सुमाराला मला झोप लागली. वहीत ती नोंद 'निरीक्षण चालू' अशी आहे. जाग आली ती कण्हण्यानं. आवाज शेजारच्या बंद खोलीतून येत होता. जरा हवा घ्यावी (भीती मुळीच वाटली नव्हती) म्हणून मागच्या दारानं बाहेर आलो, तर पायरीवर स्टीलच्या वाटीत दहीभात. वर डाळिंबाचे दाणे. चर्चची देखरेख करणारे धर्मराज यांनी माझ्यासाठी ठेवला असणार, असं वाटून मी तिथेच बसून खाल्ला. चव घरची होती, पण मीठ अजिबात नव्हतं.

तेवढ्यात खोलीचं दार उघडून धर्मराजच बाहेर आले आणि रिकामी वाटी बघून त्यांनी छातीवर क्रूस काढला. "साहेब, भुताचा नैवेद्य खाल्लात!" दर बुधवारी तो पायरीवर येतो म्हणे, आजवर पानावर यायचा, आज प्रथमच वाटीत. बांगड्या वाजल्या की धर्मराज खोलीत कडी लावून मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणतात. भामाला भिंतीपलीकडून ऐकू येणारं कण्हणं ते हेच. पुरुषाच्या भुताचा निकाल असा लागला. बाईच्या भुताबद्दल 'निरुपद्रवी' असा शेरा मारून मी वही मिटली. माझ्या पोटालाही काही झालं नाही. तेव्हा ताई, भीती सोड आणि लग्नाला ये.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. : खाल्लेलं भांडं धुऊन ठेवायची सवय मला तूच लावलीस. नळावर वाटी उलटी केली, तर बुडाला नाव घातलेलं: 'सौ. सुमतीस लग्नात आत्याकडून.' ताई, जुन्या जागेचा राखणदार प्रसन्न राहावा, रेवाला कुणाची बाधा होऊ नये, म्हणून तू उंबरा न ओलांडवणारे गुडघे घेऊन दर बुधवारी उरणहून येत होतीस. तुझ्याच बांगड्यांची बातमी फिरत फिरत उरणला पोचली आणि तू स्वतःलाच घाबरलीस. मी नळाशी बराच वेळ हसलो. मग डोळेही पुसले. रेवाला अजून सांगितलेलं नाही, ते तूच सांग.

ता. क. २ : वाटी परत मिळणार नाही. तुझ्या लग्नात आपल्या आत्यानं दिली होती, आता ती रेवाची. त्या नावाखाली 'रेवास लग्नात आत्याकडून' असं घालून घेतो आहे.

ता. क. ३ : पाळकसाहेबांना विनंती करून लग्न रविवारचं बुधवारवर आणलं आहे. तशीही तू येतेसच. त्या दिवशी फक्त पुढच्या दारानं ये, आणि भातात मीठ घाल.