बरणीतलं वावर

२० एप्रिल २०२५, रविवार

बरणीतली बाग झाली! बरणी आईची, लिंबाच्या लोणच्याची, काचेची. किती दिवस उन्हात ठेवली तेव्हा कुठे वास गेला. तळाला गिट्टी, वर कोळशाचा चुरा, मग माती. नर्सरीवाला सांगत होता, काळी माती घालू नका ताई, पाणी धरून बसते. घातलीच. आमच्या गावच्या, भातकुलीच्या वावरातली, शेतातली आहे ती. बाबांना इकडे अमरावतीला आणलं तेव्हा पिशवीभर आणली होती. वर शेवाळ आणि इवलासा नेचा लावला, पाणी शिंपडलं, झाकण घट्ट.

बाबांनी पाहिलं. "लोनचं कुठं गेलं?" दिवसभरात एवढंच बोलले. जेवलेही अर्धीच पोळी.

२१ एप्रिल

सकाळी काच आतून धुरकट. मग थेंब जमले, ओघळले – बरणीत पाऊस! बघत बसले आणि ऑफिसला उशीर.

बाहेरून कुलूप लावून गेले, रोजच्यासारखं. शेजारच्या जमुनाकाकूंकडे दुसरी किल्ली असते. तरी कुलूप लावताना हात जड होतोच. पण करू काय? मागच्या महिन्यात न सांगता गावी निघाले आणि बसस्टँडवर उन्हानं चक्कर येऊन पडले. डोक्याला टाके! वावर गावातले नत्थुजीकाका बघताहेत, घर बंद आहे, आई नाही. तिथे जाऊन करायचं काय यांनी?

२९ एप्रिल

वरून थेंबभर पाणी घातलं नाही, तरी सगळं हिरवंगार. तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं. शाळेत हे पाठ करून मार्क मिळवले होते. खरं आज वाटलं.

४ मे

नेचा गायब!! भाजी घेऊन आले तर बाबा हात पुसत बसलेले. निंदण केलं म्हणे.

"तन होतं ते. उगाच वाढून राह्यलं होतं."

विकत आणलेला नेचा, बाबा! नको ते बोलले मी.ते शांत. कडेचं दोन पानांचं एक रोप मात्र ठेवलं होतं. "हे तूर हाय. आपली."

रागातच वाकून पाहिलं. खरंच तूर. कधीचं बी, कुठल्या हंगामात सांडलेलं, या मातीत गप्प पडून होतं. राग कुठे गेला कळलं नाही. रात्री बाबा दोन पोळ्या जेवले.

१८ मे

"आकांक्षा, लवकर ये माय."

काळ्या मातीवर लालभडक ठिपका. चालणारा. मृगाचा किडा – तोच, मखमलीचा! मे महिन्यात! बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर नुसता गरम वारा फेकतोय. मातीत खोल झोपला असताना मीच त्याला पिशवीत भरून आणलं. इथे काचेवरून पाणी ओघळलं आणि त्याला वाटलं, मृग लागला. वर आला बिचारा. लहानपणी माचीसच्या डबीत ठेवायचे मी हे किडे, बाबाच शोधून द्यायचे. आज दोघं देवळात बोलावं तसं हळू बोलत होतो.

"याले सोडून दे."

"मरून जाईल ना बाबा, या उनात."

"मंग इथं काय करून राह्यला तो? कोनी हाय का त्याचं इथं?"

किड्याबद्दल बोलत नव्हते ते. म्हटलं, मृग लागू द्या, मग सोडू.

"आठ तारखेले लागते," लगेच म्हणाले.

१ जून

किडा दिसेना. मेला असेल म्हणून मी घाबरले, बाबा नाही. "मातीखाली जाऊन बसला असन." आज दिसला. आधी मी पाहिला!

८ जून, रविवार

मृग लागला. पाऊस नाही, पण आभाळ आहे, ऊन उतरलंय. बाबांनी विषय काढला नाही. मीही नाही. पुन्हा कुठे पडले तर? पण कबूल मीच केलं होतं. तूर झाकणाला टेकलीय.

९ जून

सकाळी कुलूप लावलं नाही. किल्ली पर्समध्येच होती. विसरले नव्हते.

संध्याकाळी आले तर घरात कोणी नाही. बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. ओट्यावर माचीसच्या काड्या नीट रचून ठेवलेल्या, डबी नाही.

मग नत्थुजीकाकांच्या नंबरवरून फोन. बाबाच बोलले.

"पोचलो आमी. दोघंही."