नवी गाय वेगळी बांधा

सारंगराव,

परवा तुमच्या गोशाळेतली आणखी एक देवणी गाय सातव्या महिन्यात गाभडली. बाकीच्या माजावर येतात, पण भरवल्या तरी गाभण राहत नाहीत. आणि तुम्ही फोनवर विचारता, "डॉक्टर, औषध बदलायचं का?"

औषध कशाचं? रक्ततपासणीत विषाणू सापडला, हे तुम्हाला दाखवून झालंय. त्याच्यावर औषध नाही. बाहेरून आलेली गाय दिसायला धडधाकट असते आणि श्वासातून, एकाच गव्हाणीतून तो विषाणू सगळ्या कळपाला देते. म्हणून वर्षभर घसा फोडून सांगतोय, तपासणी होईपर्यंत नवी गाय वेगळी बांधा. तुम्ही तिला ओवाळता आणि त्याच दिवशी कळपात सोडता. ऐकायचंच नसेल तर मला कायकू बोलावता?

काल काचीगुड्याला तुमच्या घरी पुन्हा हेच सांगितलं, तर तुमचे डोळे भरून आले. "आईला वेगळं ठेवायचं? असला भेदभाव आमच्या घराण्यात नाही, डॉक्टर."

मी मान खाली घालून चहा पीत होतो. बाकी सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले होते. माझ्या हातात कागदी कप होता. तुम्ही माझं आडनाव विचारून घेतलंत, तेव्हापासून मला कागदी कपच मिळतो.

हे पत्र खिशातच राहील, कारण उद्या त्या गाई तपासायला मलाच यायचं आहे. पण सारंगराव, वेगळं कसं ठेवायचं हे तुमच्या घराला शिकवायला नको. तेवढंच जरा गाईंसाठी करा.

तुमच्या गाईंचा डॉक्टर,
धम्मानंद सोनकांबळे